मूल गतजन्मीचं बोलू लागलं, तर नोंद कशी ठेवावी

अशी मुलं साधारण दोन ते चार वर्षांची असताना बोलू लागतात आणि पाच ते आठच्या दरम्यान बहुतेक सगळं विसरतात. त्यामुळे आधी वही, शोधाशोध नंतर. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठात मानसोपचारतज्ज्ञ इयान स्टीव्हन्सन यांनी सुरू केलेल्या संग्रहात अडीच हजारांहून जास्त प्रकरणं आहेत. पण पडताळणीआधीच लिहून ठेवलेली त्यांत फारच थोडी, आणि वजन आहे ते त्यांनाच.

मुलाचे शब्द जसेच्या तसे लिहा. ते ‘माझं घर पाण्याजवळ होतं’ म्हणालं आणि तुम्ही ‘नदीकाठचं घर आठवतं’ लिहिलंत, की नदी तुमची झाली. तारीख, वेळ, कोण हजर होतं, आधी कशाबद्दल बोलणं चाललं होतं, हेही टिपा. चुकीचं ठरलेलं विधान खोडू नका. प्रश्न विचारायचा तो एवढाच: ‘मग?’ पण ‘घर मोठं होतं ना?’ असं विचारलंत की उत्तर तुम्हीच दिलंत.

घरच्यांची श्रद्धा वेगळ्या पानावर लिहा, कारण आठवणी तिच्याच साच्यात बसवल्या जातात. लेबनॉनच्या द्रूझ या धर्मपंथाच्या लोकांत आत्मा मृत्यूनंतर लगेच जन्म घेतो, पुरुष पुरुषच होतो. तारखा जुळल्या नाहीत, तर मधे एक छोटा जन्म होऊन गेला असं धरतात. अलास्काच्या त्लिंगित या आदिवासी लोकांत मृत माणूस आईकडच्या नात्यात परततो. तिथे मुलानं त्याच्या गोष्टी घरातच ऐकलेल्या असू शकतात, म्हणून पुरावा कच्चा.

मूल गतजन्मीची माणसं किंवा वस्तू ओळखतं का, ही परीक्षा हमखास फसते ती गर्दीमुळे. सगळ्यांच्या नजरा एकाच बाईकडे वळल्या, तर मूलही तिच्याकडेच जाणार. चौदाव्या दलाई लामांच्या शोधात दोन वर्षांच्या मुलापुढे तेराव्यांच्या वस्तू आणि तशाच दुसऱ्या वस्तू ठेवल्या होत्या. पद्धत चांगली, फक्त वस्तू पुढे करणाऱ्यालाही खरी कोणती ते ठाऊक नसावं. मुलाचं आणि त्या मृत माणसाचं, अशी दोन्ही कुटुंबं एकदा भेटली की कोण काय आधी म्हणालं ते वेगळं काढता येत नाही. भेटीआधी वहीच्या पानांचे फोटो काढून तिऱ्हाइताकडे ठेवा.

संमोहनाच्या वाटेला जाऊ नका. 1952 मध्ये अमेरिकेत एका बाईनं संमोहनात आयर्लंडमधला गतजन्म सांगितला होता. पुढे तिच्या लहानपणी समोर राहणारी एक आयरिश बाई सापडली, म्हणजे ‘आठवणी’ तिच्याकडून ऐकलेल्या असू शकतात.

मूल बोलायचं थांबलं की उकरून काढू नका. शेवटच्या विधानाची तारीख टाकून वही मिटा.