टाइप सात-सी यू-बोटीचं मॉडेल: आधी बोट आणि तारीख ठरवा

दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने सर्वांत जास्त संख्येने बांधलेली पाणबुडी म्हणजे टाइप सात-सी. 1940 पासून साडेपाचशेहून जास्त बोटी नौदलात दाखल झाल्या. त्या अनेक गोद्यांमध्ये बांधल्या गेल्या आणि युद्ध चालू असतानाच त्यांच्यात सतत फेरफार होत राहिले. त्यामुळे हुबेहूब सारख्या दोन बोटी सापडणं अवघड. मॉडेल करणाऱ्यांना आणि इतिहासाच्या अभ्यासकांना ही बोट इतकी धरून ठेवते ती यामुळेच. फोटोतली एखादी खाच, टॉवरवरची (डेकच्या मधोमध उठलेल्या भागावरची) एखादी तोफ पाहून ती बोट कुठल्या गोदीतली, फोटो कुठल्या वर्षातला, हे सांगता येतं.

खरी बोट 67.1 मीटर लांब आणि 6.2 मीटर रुंद. 1/72 या प्रमाणात (खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं मॉडेल) ती 93 सेंटिमीटरची होते, म्हणजे फ्लॅटमधल्या बहुतेक शेल्फांवर मावत नाही. 1/350 मध्ये जेमतेम 19 सेंटिमीटर उरते आणि बारीक तपशील हरवतात. पहिल्या यू-बोटीसाठी 1/144 घ्या. लांबी साडेसेहेचाळीस सेंटिमीटर, आणि या मापात रेवेलचा किट मिळतो. पुढची सगळी मापं 1/144 ची आहेत.

कुठली बोट, कुठलं वर्ष

किटच्या डब्यात बहुधा दोन-तीन बोटींची चिन्हं दिलेली असतात. आवडलं ते चिकटवलं, असं करू नका. 1940-41 ची बोट असेल तर टॉवर छोटा, मागे एकच गोल तोफमंच आणि त्यावर 2 सेंमीची एक विमानविरोधी तोफ. टॉवरच्या पुढे डेकवर 8.8 सेंमीची तोफ. 1943 मध्ये विमानांचा धोका इतका वाढला की डेकवरची तोफ बहुतेक बोटींवरून काढून टाकली. टॉवरच्या मागे खालच्या पातळीवर दुसरा मंच आला. वर 2 सेंमीच्या जोडतोफा, खाली चौकडी (चार नळ्यांची तोफ) किंवा 3.7 सेंमीची तोफ. म्हणून दोन मंचांचा टॉवर आणि त्याच्यापुढे डेकगन ही जोडी दिसली की जाणकार तिथेच अडतो. स्नॉर्केल (पाण्याखाली असताना इंजिनांसाठी हवा घेणारी नळी) लावायचा असेल तर बोट 1944 किंवा नंतरची हवी. टॉवरवर मोठ्या आकड्यांत बोटीचा क्रमांक ही युद्धापूर्वीची पद्धत. युद्ध सुरू झाल्यावर ते आकडे पुसले गेले, म्हणजे सात-सी बोटीवर ते नकोतच.

यू-96 चा हसरा करवतमासा किंवा यू-552 चा लाल सैतान ही टॉवरवरची चिन्हं लावण्याआधी त्या बोटीची कारकीर्द वाचा. ज्या जहाजांवर यू-बोटींचे टॉर्पेडो गेले, त्यांच्यावर आपलीही माणसं होती. ब्रिटिश व्यापारी जहाजांवर कोकणातले आणि गोव्यातले खलाशी मोठ्या संख्येने काम करत. 17 सप्टेंबर 1940 च्या रात्री यू-48 ने बुडवलेल्या ‘सिटी ऑफ बनारस’चे बहुतांश खलाशी हिंदी होते. त्याच जहाजावरून कॅनडाला पाठवल्या जात असलेल्या 90 मुलांपैकी 77 मुलं दगावली. मॉडेलखालच्या पाटीवर बोटीच्या नावासोबत तिने बुडवलेल्या जहाजांची नावंही यावीत, असं आमचं ठाम मत आहे.

सुभाषबाबूंची बोट करायची इच्छा पुष्कळांना असते. फेब्रुवारी 1943 मध्ये त्यांना कीलहून घेऊन निघालेली यू-180 ही टाइप नऊ-डी-1 होती, 87.6 मीटर लांब. सात-सीच्या किटमधून ती होणार नाही. नऊ-सीचा किट घेतला तरी 1/144 मध्ये तो सुमारे साडेसात सेंटिमीटर कमी पडतो, म्हणजे हल (बोटीचं अंग) कापून मधे तुकडा घालावा लागतो. ते दुसऱ्या-तिसऱ्या मॉडेलसाठी ठेवा.

खाचा उघडणं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. यू-बोटीचं खरं पाणबंद अंग म्हणजे आतलं साडेअठरा मिलिमीटर जाड पोलादी नळकांडं. बाहेर दिसणारा डेक आणि त्याच्या कडा हे पातळ पत्र्याचं आवरण, ज्यात पाणी खेळतं. पंचवीस-तीस सेकंदांत बोट पाण्याखाली न्यायची तर आवरणातली हवा झटक्यात बाहेर पडायला हवी, त्यासाठी बाजूंना या खाचांच्या रांगा. किटमध्ये त्या बऱ्याचदा नुसत्या उथळ खळग्यांसारख्या असतात. त्यात काळा रंग भरला तर खाच रंगवलेली दिसते, उघडी दिसत नाही.

समोरून कोरायला घेऊ नका. जाड प्लास्टिकमध्ये कडा वाकड्या जातात. आधी हलच्या आतून त्या पट्ट्यातलं प्लास्टिक पातळ करा. पेन्सिलीला 120 नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळून घासा. फिरतं टूल असेल तर सर्वांत कमी वेगावर, दोन-तीन सेकंद टेकवून उचला. वेग जास्त झाला की प्लास्टिक कापलं न जाता वितळतं आणि बाहेरच्या बाजूला खड्डा पडतो. मधूनमधून हल दिव्यासमोर धरा. खाचा उजळ दिसू लागल्या की थांबा. मग हातड्रिलने प्रत्येक खाचेच्या दोन टोकांना 0.5 मिमीचं भोक पाडा, नव्या पात्याने दोन्ही भोकं जोडा आणि सुईकानशीने कोपरे साफ करा. पातं दाबू नका, त्याच रेषेवरून तीन-चारदा हलकं फिरवा. जोर दिला की दोन खाचांमधली पट्टी तुटते. तुटलीच तर तिथे 0.25 मिमी जाडीची प्लास्टिकपट्टी बसवा.

खाचांची मांडणी गोदीनुसार बदलते. हॅम्बुर्गच्या ब्लोम उंड फोसच्या बोटी आणि कीलच्या गेर्मानियाव्हेर्फ्टच्या बोटी शेजारी ठेवल्या तर फरक लगेच कळतो. यू-96 कीलची, यू-552 हॅम्बुर्गची. किटची मांडणी तुमच्या बोटीशी जुळत नसेल तर नको त्या खाचा पुटीने बुजवा, हव्या त्या फोटोवरून आखा. कीलजवळ लाबो इथे ठेवलेली यू-995 ही आज शिल्लक असलेली या जातीची एकमेव बोट, पण ती सात-सी/41, म्हणजे सात-सीची सुधारित आवृत्ती आहे आणि युद्धानंतर नॉर्वेच्या नौदलात वापरली गेली. तिचे रंगीत फोटो 1941 च्या बोटीला प्रमाण मानू नका. आवरण, खाचा, डेक यांचा परस्परसंबंध डोळ्यांनी पाहायचा असेल तर विशाखापट्टणमची आयएनएस कुरसुरा बघून या. ती रशियन बनावटीची आणि पुष्कळ नंतरची, पण तत्त्व तेच.

हल बंद करण्याआधी

आतून सगळीकडे काळा रंग द्या आणि काळ्या कार्डपेपरची लांब सुरळी करून आत बसवा. एका बाजूच्या खाचेतून पलीकडचा उजेड दिसता कामा नये. स्टँडसाठी तळाला दोन भोकं पाडून आतून 3 मिमीचे नट एम-सीलने पक्के करा. एम-सील सुकेपर्यंत तेलाचा हात लावलेला बोल्ट आत फिरवून ठेवा, नाहीतर आटे बुजतात. हे राहिलं तर हल जोडल्यावर काही इलाज नाही.

दोन्ही अर्ध्या भागांच्या मधे डेक नुसता ठेवा, चिकटवू नका. त्यामुळे हल आत दबत नाही. टोकापासून पाच-पाच सेंटिमीटर पातळ सिमेंट (प्लास्टिक जोडायचा गोंद) सोडत जा, टेप लावा, रात्रभर ठेवा. मग 400, 800 आणि 1000 नंबरचा पेपर पाण्यात भिजवून सांधा घासा.

तोफा आणि कठडे

8.8 सेंमीच्या तोफेचं तोंड या मापात 0.6 मिमी येतं. 0.5 मिमीच्या ड्रिलने ते पोकळ करा, आधी सुईच्या टोकाने मध्य धरून. 2 सेंमीच्या नळीचं तोंड 0.14 मिमी, ते कोरायच्या फंदात पडू नका.

किटचे कठडे जाड असतात. घरच्या वायरिंगच्या 1 चौरस मिमी वायरमध्ये 0.3 मिमीच्या तांब्याच्या तारा असतात, त्या बरोबर बसतात. तारेचं एक टोक पकडीत धरून दुसरं हलकं ताणलं की ती सरळ होते.

रंग

वरच्या भागाला हेलग्राउ 50, म्हणजे आरएएल 7001 च्या (आरएएल ही रंगांची जर्मन क्रमांकपद्धत) जवळचा फिका करडा. काही बोटींना डुंकेलग्राउ 51, आरएएल 7000 च्या जवळचा. पाण्याखालचा भाग गडद करडा. डेक लाकडी असला तरी फर्निचरसारखा तपकिरी कधीही करू नका. लाकूड टिकावं म्हणून दिलेल्या लेपामुळे तो जवळजवळ काळा दिसायचा. काळ्याचे सात भाग, गडद तपकिरीचे दोन आणि करड्याचा एक, एवढं मिश्रण पुरतं.

कोकणपट्टीत पावसाळ्यात लॅकर किंवा स्प्रेचं वार्निश मारू नका. थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि पांढुरकी झाक येते. आलीच तर कोरड्या दिवशी त्याच वार्निशचा पातळ हात पुन्हा द्या, बहुतेकदा ती जाते.

गंजासाठी बर्न्ट अंबर आणि बर्न्ट सिएना हे तैलरंग. आधी चकचकीत वार्निश, ते पूर्ण सुकल्यावर खाचेच्या खालच्या कडेला टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका. वीस मिनिटांनी टर्पेंटाइनमध्ये बुडवून पुसलेल्या चपट्या ब्रशने सरळ खाली ओढा. सगळ्या खाचांना सारखे ओघळ देऊ नका. बंदरातून नुकत्याच निघालेल्या बोटीला जवळपास नकोतच. टर्पेंटाइन सांध्यात साचू देऊ नका, ताणाखालचं प्लास्टिक तडकतं.

तारा

बोटीच्या अँटेनाच्या तारा टॉवरपासून पुढे एक, मागे दोन. शेवटच्या वार्निशनंतरच लावा. स्प्रूचा (किटचे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिचा) तुकडा मेणबत्तीवर मऊ करून ओढला की केसासारखा धागा निघतो. तो किंचित सैल चिकटवा, गोंद पूर्ण धरू द्या आणि पेटती अगरबत्ती खालून सेंटिमीटरभर अंतरावरून सरकवा. धागा आक्रसून ताठ होतो. अगरबत्ती एका जागी थांबली की तो तुटतो. इन्सुलेटरसाठी फेव्हिकॉलचे थेंब टाचणीने ठेवा, सुकल्यावर वर आणखी एक थेंब, मग पांढुरका रंग.