टाइमलाइनवरचा आवाज: दोष शोधणे आणि एक्स्पोर्ट करणे

व्याख्यानाचे किंवा गाण्याच्या कार्यक्रमाचे चित्रीकरण संपादित करताना आवाजात काही खटकले, की बहुतेकांचा हात आधी इफेक्टकडे जातो. इक्वलायझर लावला जातो, नॉइज रिडक्शन वाढवले जाते आणि मूळ दोष तसाच राहून त्यावर नवे दोष चढतात. त्याआधी एकच प्रश्न सोडवायला हवा: आवाज नेमका कोणत्या टप्प्यावर बिघडला आहे? मूळ फाइल संपादनाच्या सॉफ्टवेअरबाहेर, व्हीएलसीसारख्या प्लेअरमध्ये, तारेच्या हेडफोनवर ऐकावी. तिथेच दोष असेल तर तो ध्वनिमुद्रणातला आहे. तिथे आवाज स्वच्छ असून टाइमलाइनवर, म्हणजे संपादनात क्लिप मांडायच्या पट्टीवर, बिघडत असेल तर दोष प्रोजेक्टच्या सेटिंगमध्ये आहे. आणि टाइमलाइनवरही ठीक असेल तर फक्त एक्स्पोर्ट, म्हणजे अंतिम फाइल काढणे, तपासावे लागते. तारेचा हेडफोन मुद्दाम सांगितला, कारण ब्लूटूथवर आवाज उशिरा पोहोचतो आणि नसलेला सिंक-दोष, म्हणजे ओठ आणि आवाज न जुळणे, दिसू लागतो.

टाइमलाइनवर आवाजच येत नसेल तर कारण बहुधा साधे असते. एखादा ट्रॅक म्यूट केलेला असतो, दुसऱ्या ट्रॅकवर सोलो (फक्त तोच ट्रॅक ऐकवणारे बटण) दाबलेले राहते, किंवा सॉफ्टवेअरने आउटपुट म्हणून मॉनिटरचा स्पीकर निवडलेला असतो. लिनक्सवर दा विंची रिझॉल्व्ह या संपादनाच्या सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती वापरणाऱ्यांची अडचण वेगळी असते: तिथे एएसी (दाबून लहान केलेला) आवाज वाचला जात नाही, त्यामुळे कॅमेऱ्यातला आवाज आधी डब्ल्यूएव्हीमध्ये (न दाबलेल्या फाइलमध्ये) बदलून घ्यावा लागतो.

आपल्याकडे सर्रास होणारा आणि सर्वांत उशिरा लक्षात येणारा दोष मिक्सरवरून कॅमेऱ्यात आणलेल्या तारेचा आहे. सभागृहातील साउंड ऑपरेटर एक्सएलआरची (तीन पिनांची) तार देतो आणि आपण ती साध्या कन्व्हर्टरने कॅमेऱ्याच्या साडेतीन मिलिमीटरच्या स्टिरिओ जॅकमध्ये घालतो. त्या तारेतून एकच आवाज दोनदा येत असतो, त्यातला दुसरा उलट्या फेजमध्ये, म्हणजे लहर उलटी करून; कॅमेरा मात्र पहिल्याला डावा आणि दुसऱ्याला उजवा चॅनेल समजतो. हेडफोनवर आवाज थोडा पोकळ, डोक्याबाहेर पसरल्यासारखा वाटतो, पण शब्द कळतात. एकच स्पीकर असलेल्या फोनवर मात्र दोन्ही चॅनेल मिसळतात आणि एकमेकांना खोडून टाकतात. दीड तासाच्या एका व्याख्यानाचे माझे काम असेच गेले होते: आयोजकांनी फोनवर लावले तेव्हा वक्त्याचे ओठ हलत होते आणि आवाज जवळजवळ नव्हता. ज्यांना घराबाहेर पडता येत नाही अशा श्रोत्यांसाठीच ते चित्रीकरण केलेले असल्याने ती चूक मला फार लागली.

उपाय दोन मिनिटांचा आहे. रिझॉल्व्हमध्ये क्लिपवर राइट क्लिक करून ‘क्लिप अ‍ॅट्रिब्यूट्स’मधील ऑडिओच्या टॅबमध्ये फॉरमॅट मोनो (एकच चॅनेल) करावा आणि स्रोत म्हणून फक्त पहिला चॅनेल निवडावा. कॉलर माइकचा आवाज एकाच कानात येत असेल तर त्यालाही हाच उपाय लागू पडतो. प्रत्येक काम एकदा मोनोमध्ये ऐकण्याची सवय मात्र कायमची लावून घ्यावी.

ओठ आणि शब्द जुळत नसतील तर फरक सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखा आहे की वाढत जातो, हे आधी पाहावे. सारखा असेल तर क्लिप काही फ्रेम सरकवून काम भागते. वाढत जात असेल आणि चित्रीकरण फोनवर केलेले असेल, तर बदलता फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला कमीजास्त होणारी फ्रेमची संख्या, हे संभाव्य कारण असते. मीडियाइन्फो या फाइलची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडली की ते कळते. अशी फाइल हँडब्रेक या रूपांतराच्या सॉफ्टवेअरमधून स्थिर फ्रेम रेटवर, म्हणजे ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ निवडून, बदलून घ्यावी आणि मगच संपादनाला बसावे. अर्धे संपादन झाल्यावर ही सुधारणा फार महाग पडते. वेगळ्या रेकॉर्डरवर मुद्रण केले असेल तर दोन यंत्रांची घड्याळे किंचित वेगळी चालतात. दशलक्षात २० एवढाच फरक असला तरी तासाभरात ७२ मिलिसेकंद होतात आणि २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर ते जवळजवळ दोन फ्रेम भरतात. नाशिकला गंगेवर, म्हणजे गोदाघाटाच्या यशवंतराव महाराज पटांगणावर वसंत व्याख्यानमालेत होतात तशा लांब भाषणांत टाळ्यांच्या किंवा विरामाच्या जागी आवाज कापून थोडा सरकवणे मला वेग बदलण्यापेक्षा सुरक्षित वाटते.

विजेची घरघर ५० हर्ट्झवर आणि तिच्या पटींवर, म्हणजे १००, १५० वर असते. तेवढ्याच अरुंद पट्ट्या कमी कराव्यात, सगळा खर्ज कापू नये. ढोल-ताशांनी फुटलेला आवाज मात्र नंतर पूर्णपणे दुरुस्त होत नाही, त्यामुळे मिरवणुकीत मुद्रणाची पातळी आधीच खाली ठेवावी.

एक्स्पोर्ट करताना फाइल कोणासाठी आहे हे ठरवावे. आवाज दुसऱ्या कोणाकडे मिक्सिंगसाठी जाणार असेल तर डब्ल्यूएव्ही, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट हाच पर्याय निवडावा. स्टिरिओमध्ये त्याला मिनिटाला सुमारे १७ एमबी लागतात, म्हणजे तासाला साधारण एक जीबी. एमपी३ इथे चालत नाही, कारण एन्कोडर सुरुवातीला थोडी शांतता जोडतो आणि आवाज परत चित्राला लावताना जुळणी बिघडते. रिझॉल्व्हच्या ‘डिलिव्हर’ पानावर व्हिडिओच्या टॅबमधील ‘एक्स्पोर्ट व्हिडिओ’ची खूण काढावी, ऑडिओच्या टॅबमध्ये वेव्ह आणि लिनियर पीसीएम निवडावे आणि इन-आउटच्या (सुरुवात आणि शेवट ठरवणाऱ्या) खुणा संपूर्ण टाइमलाइन व्यापतात ना, हे पाहावे, जुनी आउट-खूण राहून गेली तर शेवट कापला जातो. चित्र सुरू होण्याच्या बरोबर दोन सेकंद आधी एका फ्रेमचा बीप ठेवला तर मिक्सिंग करणाऱ्याला आवाज जुळवणे सोपे जाते.

यूट्यूबसाठी पूर्ण चित्रफीत देताना एएसी, ४८ किलोहर्ट्झ आणि स्टिरिओला ३८४ केबीपीएस ठेवावेत. लाउडनेस, म्हणजे आवाजाचा एकूण मोठेपणा, उणे १४ एलयूएफएसच्या (त्याच्या मापाच्या) आसपास असावा. त्याहून मोठा आवाज यूट्यूब स्वतःच खाली आणते, त्यामुळे लिमिटर (शिखरे दाबणारा इफेक्ट) लावून आवाज चढवण्यात फक्त वक्त्याच्या बोलण्यातील चढउतार हरवतात. शिखर उणे एक डेसिबलच्या वर जाऊ देऊ नये, कारण एएसी करताना ते थोडे वर सरकते.

रेंडर पूर्ण झाल्यावर टाइमलाइन बंद करावी, तयार फाइल फोनवर घ्यावी आणि पहिले, मधले व शेवटचे मिनिट फोनच्याच स्पीकरवर ऐकूनच ती आयोजकांच्या हाती द्यावी.