दूध संस्थेच्या टेबलापाशी बसून स्क्रीन कशी घडवावी

सकाळी साडेपाचची वेळ. टेबलाच्या अलीकडे सचिव, पलीकडे किटल्या घेऊन उभी रांग. सभासद नंबर सांगतो, दूध काट्यावर जातं, नमुना फॅट मशीनला लागतो, सचिव आकडे भरतात, स्लिप निघते, की पुढचा नंबर. या टेबलासाठी मी सॉफ्टवेअर करते. आमच्या विषयाचं पुस्तकी नाव मानव-संगणक आंतरक्रिया. नाव जड असलं तरी प्रश्न साधा आहे: हा माणूस काय करायला बसलाय, आणि समोरची स्क्रीन त्याला ते सुखानं करू देते का? कोणी नव्यानं हे काम शिकू पाहत असेल तर मी त्याला संगणकाजवळ बसवत नाही, आधी संस्थेत पाठवते.

निदान चार सकाळी आणि एक संध्याकाळ बसा. संध्याकाळ यासाठी, की तेव्हा वीज जाते आणि रांगेला घरी जायची घाई असते. विचारू नका, बघा. ‘तुम्हाला कशी स्क्रीन पाहिजे?’ असं विचारलं की सचिव भिडेखातर ‘आहे ती बरी आहे’ म्हणतात. हात ओले आहेत का, नजर कुठे जाते, कोणता आकडा आधी कळतो, मध्येच कोण हाक मारतं, हे वहीत लिहा. आणि भिंतीवर, काट्यावर, मॉनिटरच्या कडेला चिकटवलेल्या चिठ्ठ्या नीट वाचा. जिथे चिठ्ठी लावावी लागली, तिथे यंत्र कमी पडलेलं असतं.

मला अशीच एक चिठ्ठी सापडली होती, माझ्याच स्क्रीनवर. लाल शाईत लिहिलेलं: ‘आधी गाय का म्हैस बघा’. माझ्या पहिल्या आवृत्तीत गाय-म्हैस निवडायचं बटण वरच्या कोपऱ्यात होतं आणि शेवटची निवड तशीच राहायची. गाईच्या दुधाचा सभासद गेला, पाठोपाठ म्हशीचं दूध आलं, सचिवांनी सरळ आकडे भरले, आणि स्लिप गाईच्या दरानं निघाली. आपल्याकडे गाईचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफवर (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) सांगतात, म्हशीचा ६.० आणि ९.० वर. दोन्ही दरांत मोठं अंतर, म्हणजे एका घराचे पैसे गेले. दहा दिवसांचं बिल निघालं तेव्हा ते उघडकीला आलं. सचिव म्हणाले, ‘माझंच ध्यान नव्हतं, ताई.’ ते ऐकून मला फार वाईट वाटलं, कारण चूक त्यांची नव्हती. त्यांची नजर फॅट मशीनच्या आकड्यावर होती, तिथेच असायला हवी होती. यंत्र एका स्थितीत आणि माणसाच्या मनात दुसरीच, अशा चुकीला आमच्यात मोडची चूक म्हणतात. ती माणसाला बजावून जात नाही.

मी आधी काय केलं तेही सांगते, कारण बहुतेक जण तेच करतात. प्रत्येक नोंदीला ‘म्हशीचं दूध आहे ना?’ असा प्रश्न टाकला. तिसऱ्या दिवशी सचिव न वाचताच ‘हो’ दाबत होते. रोज शे-दोनशे वेळा तेच विचारलं तर कोण वाचेल? मग तो प्रश्न काढला. आता सभासद नंबर टाकला की जनावर आपोआप येतं, दोन्ही असतील त्यांच्यापुरतंच विचारलं जातं. निवड आकड्यांच्या शेजारीच, मोठ्या अक्षरात आणि चित्रासह दिसते. नुसत्या रंगावर मी भिस्त ठेवत नाही, लाल-हिरव्यातला फरक न दिसणारी माणसं असतात. गाय निवडलेली असताना ७ फॅट आलं तर स्क्रीन तिथेच थांबते. आणि शेवटची नोंद खाली दिसत राहते, शेजारी ‘दुरुस्ती’. आधी अडवत बसण्यापेक्षा झालेलं पटकन सुधारता येणं जास्त उपयोगाचं.

बघून झालं की कागद घ्या. खऱ्या स्क्रीनच्या मापाचा कागद, पेन्सिल, प्रत्येक पडद्याला एक पान. सचिवांनी बोटानं ‘दाबायचं’ आणि पुढचं पान तुम्ही समोर ठेवायचं, यंत्र तुम्हीच. गुळगुळीत तयार स्क्रीन दाखवली की लोक नावं ठेवायला कचरतात, पेन्सिलीच्या रेघेला कोणी भीत नाही. एका सचिवांनी माझ्या हातातली पेन्सिल घेऊन ‘लिटर’चा रकाना ‘फॅट’च्या खाली नेला. त्यांच्याकडे नमुना आधी काढतात आणि माप नंतर होतं, हे मला चार सकाळी बसूनही दिसलं नव्हतं.

चाचणी घेताना काम सांगा, बटण सांगू नका. ‘दुरुस्ती दाबून दाखवा’ म्हटलं तर ते अक्षर शोधतील आणि तुम्हाला काहीच कळणार नाही. असं सांगा: ‘४७ नंबरच्या नावावर ६ लिटर पडलंय, खरं ५ होतं. आता काय कराल? करताना मनात येईल ते मोठ्यानं बोला.’ मग गप्प राहा. हे सगळ्यांत अवघड. माणूस अडला की आपला हात पुढे जातो. मी मनात दहा आकडे मोजते. बोट पहिल्यांदा कुठे गेलं, किती वेळ लागला, काय चुकलं, एवढंच टिपायचं. ‘हे तर समोरच आहे की’ असं चुकूनही बोलू नका. पुढची सगळी चाचणी वाया जाते.

किती लोक हवेत? याकोब नील्सन आणि थॉमस लँडाउअर या आमच्याच विषयातल्या संशोधकांनी १९९३ मध्ये हिशेब मांडला होता. त्यांनी पाहिलेल्या प्रकल्पांत एका माणसाकडून सरासरी ३१ टक्के अडचणी कळत होत्या, त्या मानानं पाच जणांत सुमारे ८५ टक्के. पण हे पाच जण एकाच तऱ्हेचे हवेत. साठीचे सचिव आणि त्यांच्या जागी बसणारा विशीतला पुतण्या हे माझ्या लेखी दोन गट. मी प्रत्येकातले तिघे घेते, दुरुस्त करते, पुन्हा तिघे घेते. आयबीएममधल्या जॉन गूल्ड आणि क्लेटन लुइस यांनी १९८५ मध्येच सांगून ठेवलंय: वापरणारा पहिल्यापासून समोर ठेवा, वापर मोजून बघा, पुन्हा पुन्हा सुधारा. यातलं तिसरं घाईत सुटतं.

मापांचं थोडक्यात. मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी १९५४ मध्ये मांडलेला नियम असा की जागा जितकी दूर आणि लहान, तितका तिच्यावर नेमकं पोचायला वेळ जास्त. अँड्रॉइडच्या सूचनांत बटण साधारण ९ मिलिमीटरचं सांगितलंय. ओल्या बोटांसाठी मी १५ ठेवते. ‘जतन’ आकड्यांजवळ, ‘पुसा’ दूर. अक्षर आणि पार्श्वभूमीच्या उजळपणात निदान ४.५ ला १ हे प्रमाण ठेवावं असा वेबचा मान्य दंडक आहे. एका बल्बच्या उजेडात मी पांढऱ्यावर काळंच वापरते. आणि दाबल्याचं उत्तर एक दशांश सेकंदात दिसू द्या, म्हणजे ते लगेच झाल्यासारखं वाटतं. स्लिप छापायला दोन सेकंद लागायचे, तोवर काही हलायचं नाही म्हणून सचिव पुन्हा दाबायचे आणि नोंद दोनदा पडायची. आता छपाईआधीच ‘नोंद झाली’ दिसतं.

टेबलाच्या पलीकडची माणसं स्क्रीनला हातही लावत नाहीत, पण तीही वापरणारीच. त्यांच्या वाट्याला येते ती स्लिप. एक आजी ती चार घड्या घालून बटव्यात ठेवायच्या आणि घरी नातीकडून वाचून घ्यायच्या. त्यांना आकडे येतात, पण फॅट सहाव्या ओळीत, बारीक, इंग्रजी आकड्यांत होतं. मी फॅट आणि रक्कम वर आणली, मोठी केली, देवनागरीत छापली, आणि आदल्या दिवशीची व त्या दिवशीची अशा दोन स्लिपा त्यांच्या हातात देऊन विचारलं, ‘आजी, फॅट कालच्यापेक्षा कमी लागलं का जास्त?’ त्यांनी दोन्ही स्लिपा शेजारी धरल्या, आकड्यावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, ‘दोन पॉइंट कमी. पेंड बदलली न्हवं काल.’ त्यांच्या गल्लीतल्या आणखी दोघींना तोच प्रश्न विचारायचा आहे. त्यातल्या एकीला चष्मा लागलाय, पण त्या तो संस्थेत आणत नाहीत.