घरच्या घरी स्नो मशीन बनवताय? मग या चुका टाळा

प्रेशर वॉशर, छोटा कॉम्प्रेसर, चार-पाच बारीक नोझल आणि थोडी पितळी फिटिंग, एवढ्या सामानात अंगणात खरा स्नो पाडता येतो, त्यात खोटं काही नाही. पण दर थंडीत कोणीतरी मला तोच फोटो पाठवतं, मशीनसमोर चकचकीत निसरडा थर, आणि खाली तोच प्रश्न की माझं मशीन पाणीच का फेकतंय. अरे बाबांनो, मशीन पाणीच फेकतं! त्याचं काम तेवढंच, बारीक थेंब आणि त्यांना गोठायला लावणारे कण हवेत सोडायचे. थेंबाचा बर्फ होतो तो जमिनीवर पडायच्या आधी, हवेत, आणि लोक नेमकी हवा सोडून बाकी सगळं तपासतात.

थर्मामीटर बघून मशीन चालू करणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक. "उणे एक आहे की, मग का होत नाही?" कारण नुसतं तापमान बघून काही कळत नाही, वेट बल्ब तापमान बघायचं असतं, म्हणजे तापमान आणि आर्द्रता दोन्ही मिळून. थेंबातलं थोडं पाणी उडून जाताना उरलेला थेंब गार होतो, हवा कोरडी असेल तर हे जोरात चालतं, दमट असेल तर जवळजवळ बंद. आता हिशोब बघा, -१ अंश आणि ९० टक्के आर्द्रता असेल तर वेट बल्ब येतो साधारण -१.५, म्हणजे तुम्ही अंगणात पाऊस पाडताय. आणि ० अंश पण आर्द्रता ३० टक्के असेल तर वेट बल्ब -४ च्या आसपास जातो आणि मस्त स्नो पडतो. म्हणजे जी रात्र अंगाला जास्त गार वाटते तीच वाया जाते आणि लोक नोझल बदलत बसतात.

शिवाय उष्णता किती बाहेर काढायचीये तेही बघा ना. एक लिटर पाणी गोठताना ३३४ किलोज्यूल सोडतं. मिनिटाला ७ लिटरचा वॉशर असेल तर ते होतात जवळपास ३९ किलोवॉट, दोन किलोवॉटचे वीसेक हीटर एकदम लावल्यासारखं, आणि ती सगळी उष्णता तुमच्या फवाऱ्याभोवतीच्या हवेने काही सेकंदात उचलायचीये. म्हणून वेट बल्ब -२.५ च्या वर असेल तर मी पाइपसुद्धा बाहेर काढत नाही, आणि नवीन माणसाने तर सरळ -४ ची वाट बघावी. थर्मामीटर आणि आर्द्रता मोजायचं यंत्र दोन्ही अंगणातच टांगा, भिंतीपासून लांब. फोनमधलं हवामान तुमच्या अंगणाचं नसतं. वेट बल्बचा तक्ता मी कॉम्प्रेसरवरच चिकटवून टाकलाय.

कॉम्प्रेसर "नंतर बघू"

नुसत्या वॉशरने होईल असं सांगणारे खूप भेटतात. होत नाही, म्हणजे कडाक्याची थंडी असेल तर होतं, एरवी नाही. बारीक थेंब शून्याखाली गेला तरी लगेच गोठत नाही, त्याला सुरुवात करून द्यायला बर्फाचा एखादा कण लागतो. ते काम न्यूक्लिएटर नावाच्या वेगळ्या नोझलचं, त्यातून दाबलेली हवा आणि थोडंसं पाणी एकत्र बाहेर पडतं, हवा एकदम प्रसरण पावून प्रचंड गार होते आणि असे कण तयार होतात, मग ते बाकीच्या फवाऱ्यात मिसळून थेंबांना गोठवतात. १९५० मध्ये अमेरिकेतल्या कनेक्टिकटमध्ये वेन पियर्स, आर्ट हंट आणि डेव्ह रिची या स्की बनवणाऱ्या तिघांनी पहिलं मशीन जुळवलं तेच मुळी रंग मारायचा कॉम्प्रेसर, नोझल आणि बागेचा पाइप घेऊन. हवा पहिल्या दिवसापासून आहे यात.

एनआरव्ही (पाणी उलटं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) न लावणं

कॉम्प्रेसर लावला की लोकांना वाटतं झालं. माझ्या एका मित्राला मी आधीच सांगितलं होतं की हवेच्या लाइनमध्ये एनआरव्ही टाक, तर म्हणे आज नुसती टेस्ट करायचीये, उद्या लावतो. रात्र छान होती, स्नो पण बरा पडत होता, मग कोणाचा तरी फोन आला, आवाज नको म्हणून पठ्ठ्याने कॉम्प्रेसर बंद केला, वॉशर तसाच चालू. हवेचा दाब गेल्यावर पाण्याला रस्ता मोकळाच, ते सरळ हवेच्या पाइपातून मागे गेलं ते टाकीपर्यंत. फोन संपवून आला तोवर कपलिंग गोठलेलं, रेग्युलेटर गोठलेला, टाकीचा ड्रेन उघडला तर थेंब नाही, कारण खाली बर्फ. सगळं आत नेऊन वितळवलं तेव्हा टाकीतून पाणीच पाणी, आणि रेग्युलेटरला चीर गेलेली. वर मला विचारतो, कॉम्प्रेसरची कंपनी खराब आहे का?

आणि हे स्वस्तात सुटलं म्हणायचं. न्यूक्लिएटरचं तोंड बर्फाने बंद झालं तर वॉशरचा पूर्ण दाब हवेच्या पाइपावर येऊ शकतो, वॉशर १०० बारच्या आसपास आणि साधा हवेचा पाइप २० बारचा, पुढचं तुम्हीच समजा. प्लंबिंगमधला साधा एनआरव्ही इथे चालत नाही, वॉशरच्या दाबाला टिकणाराच घ्या. आणि क्रम पाठ करा: चालू करताना आधी हवा मग पाणी, बंद करताना आधी पाणी, हवा शेवटी.

पीव्हीसीच्या पाइपात दाबलेली हवा भरू नका. थंडीत तो ठिसूळ होतो आणि फुटला की तुकडे उडतात. यावर मी वाद घालत नाही.

बाकीचं पटापट

मोठी नोझल लावली म्हणजे जास्त स्नो, हा गैरसमज आहे. दाब कमी होतो, थेंब जाड होतात आणि जाड थेंब खाली येईपर्यंत गोठत नाही.

फवारा आडवा मारू नका, साधारण ४५ अंशात वर आणि वारा पाठीमागून.

पाण्याला फिल्टर लावा. नोझलची भोकं केवढीशी असतात ते एकदा उजेडात बघा.

वायरचे जोड ओल्या जमिनीवर टाकू नका, आणि आरसीसीबीशिवाय (करंट गळला की वीज तोडणारा ब्रेकर) तर मशीन लावूच नका.

काम झालं की पाइप आणि वॉशरचा पंप लगेच रिकामा करा. "चहा पिऊन येतो" म्हणणाऱ्यांचे पंप फुटतात.

स्नो ओला पडतोय का हे बघायला गडद रंगाचं जॅकेट घालून फवाऱ्याखाली हात धरा. कण बाहीवरून उडून गेले तर कोरडा, चिकटून पाणी झालं तर ओला. ओला असेल तर वॉशरला येणारा नळ पिळून पाणी कमी करायला जाऊ नका, पंपाला पाणी पुरत नाही आणि तो खराब होतो. बारीक नोझल लावा नाहीतर अजून थंडी पडेपर्यंत गप्प बसा, पण गप्प बसणं कोणाला जमतंय.

आणि अर्ध्या तासात अंगण भरलं नाही म्हणून रडू नका. मिनिटाला ७ लिटर म्हणजे तासाला ४२० लिटर पाणी, मशीनचा स्नो दाट असतो, घनमीटरला ४००-५०० किलो, म्हणजे सगळं गोठलं तरी तासाला एक घनमीटरच्या आसपास. त्यामुळे एकाच जागी ढीग करा, आणि तो लगेच फावड्याने पसरू नका, आतलं उरलेलं पाणी रात्रभर निथळू द्या, सकाळी पसरवा.