ताण पडण्याआधीच मुळांना सोबत द्या

तुळस, अश्वगंधा, शतावरी यांनी पाण्याचा ताण सोसावा असं वाटत असेल, तर उपयुक्त सूक्ष्मजीव रोपवाटिकेतच द्या. रोपांनी माना टाकल्यावर दिलेलं संवर्धन, म्हणजे या सूक्ष्मजीवांचं तयार मिश्रण, बहुतेक वेळा वायाच जातं. मायकोरायझा बुरशीला मुळात शिरून जम बसवायला साधारण तीन-चार आठवडे लागतात, आणि तेवढे दिवस वाफ्यात वाफसा, म्हणजे चिखल न होता बेताची ओल, टिकायला हवा.

या बुरशीचे तंतू मुळांवरच्या केसांपेक्षाही बारीक असतात. मूळ जिथे शिरूच शकत नाही, अशा मातीच्या फटींमधून ते पाणी आणि स्फुरद (फॉस्फरस) ओढून आणतात आणि बदल्यात रोपाकडून साखर घेतात. स्यूडोमोनास, बॅसिलस यांसारख्या जिवाणूंचे काही वाण वेगळ्या वाटेने मदत करतात. ताण पडला की रोपात इथिलीन नावाचं वायुरूप संप्रेरक वाढतं आणि मुळी खुंटते. ते ज्या पदार्थापासून बनतं, तोच हे जिवाणू फोडून टाकतात. काही जिवाणू चिकट द्रव सोडतात, त्यामुळे मुळांभोवतीची माती लवकर कोरडी पडत नाही.

मायकोरायझा जिवंत मुळाशिवाय वाढत नाही. त्यामुळे गुळाच्या पाण्यात भिजवून ती ‘वाढवा’ असा सल्ला कुणी दिला, तर तो ऐकू नका. ती मातीवर वरवर भुरभुरण्यातही अर्थ नाही. बियाच्या किंवा मुळाच्या अगदी खाली, मुळाला टेकेल अशी घाला. प्रमाण पाकिटावर लिहिलेलं पाळा, आणि मुदतीची तारीख आधी बघा.

अश्वगंधेचं बी मी जिवाणू संवर्धनाच्या पातळ लगद्यात हलक्या हाताने घोळवते, सावलीत सुकवते आणि त्याच दिवशी पेरते. तुळशीला हे चालत नाही. तिचं बी ओलं झालं की भोवती बुळबुळीत थर फुगतो, बिया एकमेकींना चिकटतात आणि गोळे पडतात. म्हणून तुळशीसाठी संवर्धन वाफ्याच्या वरच्या मातीत मिसळते आणि बी कोरडंच टाकते. शतावरीची रोपं लावायच्या वेळी मुळं लगद्यात बुडवून लगेच लावावीत. पांढरी मुळी उन्हात एकदा सुकली की संवर्धनाचा उपयोग होत नाही. पाण्यात क्लोरीन असेल तर ते उघड्या भांड्यात रात्रभर ठेवून मगच वापरा.

सगळ्यात जास्त नुकसान हौसेने घातलेल्या खताने होतं. मातीत स्फुरद भरपूर असलं की रोप बुरशीला थारा देत नाही. त्यामुळे सुपर फॉस्फेटचा हात आखडता घ्या, पूर्ण कुजलेलं शेणखत बेताने घाला आणि बुरशीनाशकाची आळवणी, म्हणजे मुळाशी ते ओतणं, टाळा.

पुनर्लागवडीआधी दोन पाण्यांमधलं अंतर हळूहळू वाढवा, आणि लागवडीनंतर पाचोळ्याचं आच्छादन करा. सूक्ष्मजीव पाणी तयार करत नाहीत, आहे ते रोपापर्यंत पोचवतात.

मायकोरायझा नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. मुळं रंगवून मायक्रोस्कोपखालीच ती कळते. म्हणून काही रोपं मुद्दाम संवर्धनाशिवाय ठेवा, माती आणि पाणी मात्र सारखंच द्या. कडक दुपारी दोन्हीकडची पानं मलूल होतील. संध्याकाळी कोणती आधी सावरतात ते बघा, आणि दोन्हीकडचं एकेक रोप उपटून मुळांना किती माती धरून राहते तेही तपासा.