भूकंपाचा सौम्य धक्का बसला, तर नेमके काय करायचे?

२१ मार्च २०२४ रोजी सकाळी ६ वाजून ८ मिनिटांनी हिंगोली, नांदेड आणि परभणी जिल्ह्यांत जमीन हलली. तीव्रता ४.५ होती. अकरा मिनिटांनी ३.६ चा दुसरा धक्का आला. त्याच वर्षी १० जुलैला सकाळी सव्वासातच्या सुमारास पुन्हा ४.५ चा धक्का बसला. कोयनेच्या खोऱ्यातल्या माणसाला हे नवे नाही. मराठवाड्यात मात्र एवढे धक्के क्वचितच येतात, त्यामुळे आला की कुणी जिन्यातून धावत सुटतो, तर कुणी ‘काही नाही, ट्रक गेला असेल’ म्हणून कूस बदलतो. दोन्ही चूकच. एवढ्या धक्क्याने चांगले घर पडत नाही, पण घरातले कच्चे दुवे तो उघडे पाडतो. तेवढ्यासाठी पुढचे काही दिवस नीट वापरायला हवेत.

धक्का ओळखा, सेकंद मोजा

भूकंपाच्या लाटा दोन टप्प्यांत येतात. पहिली लाट वेगवान आणि सौम्य असते. तिने खालून ठोसा बसल्यासारखा ‘धप्प’ आवाज येतो, पत्रा खडखडतो, फळीवरचे डबे किणकिणतात. मागून येणारी दुसरी लाट आडवी हलवते आणि तीच जोरदार असते. या दोहोंमधले सेकंद मोजून त्यांना ८ ने गुणले, की केंद्र ढोबळमानाने किती किलोमीटरवर आहे ते कळते. पाच सेकंद गेले तर सुमारे ४० किलोमीटर. धप्प आवाज आणि हादरा एकदमच आले, तर केंद्र अगदी जवळ आहे.

दगडखाणीतल्या सुरुंगाने एकच दणका बसतो आणि लगेच शांत होते. जड वाहनाची थरथर हळूहळू वाढते, हळूहळू ओसरते. भूकंपात सुरुवात अचानक होते, टांगलेला दिवा झुलतो आणि हंड्यातले पाणी हिंदकळते. मराठवाड्यात यासोबत जमिनीतून गुरगुर किंवा गडगडाटही ऐकू येतो. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे परिसरातले लोक असे आवाज कित्येक वर्षांपासून ऐकत आहेत. केंद्र उथळ असले, की कठीण काळ्या खडकातून ही कंपने फारशी न विरता वर येतात आणि हवेत आवाज होऊन उमटतात. नुसता आवाज आला म्हणून मोठा भूकंप येणारच, असा अर्थ निघत नाही.

मोबाइलवर भूकंपाची सूचना देणारी सोय सुरू ठेवावी, पण तिच्यावर विसंबू नये. केंद्र जवळ असेल तर सूचना यायच्या आतच धक्का येऊन गेलेला असतो.

हलत असताना: घर कसले, त्यावर ठरते

‘टेबलाखाली जा’ हा सल्ला सिमेंटच्या पक्क्या घरासाठी बरोबर आहे. काँक्रीटच्या इमारतीत गुडघ्यांवर बसा, डोके आणि मान झाका, भक्कम टेबलाखाली शिरून त्याचा पाय घट्ट धरा. टेबल सरकले तर त्याच्यासोबत सरका. अंथरुणात असाल तर तिथेच राहा, पालथे होऊन डोक्यावर उशी घ्या. खिडकी, कपाट आणि भिंतीवरच्या जड तसबिरीपासून लांब राहा. जिना आणि गॅलरी पूर्ण टाळा. सौम्य धक्क्यात घर उभे राहते, पण जिन्यात पडून किंवा गॅलरीतून उडी मारून माणसे हातपाय मोडून घेतात. लिफ्टमध्ये असाल तर सगळ्या मजल्यांची बटणे दाबा आणि जिथे थांबेल तिथे उतरा.

दगड-मातीच्या माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, घरात हिशोब वेगळा आहे. तिथे माणसाला मारते ते डोक्यावरचे मातीचे ओझे आणि अंगावर येणारी दगडी भिंत. तळमजल्यावर असाल, दार चार-पाच पावलांवर असेल आणि बाहेर मोकळे अंगण असेल, तर लगेच बाहेर पडा. दाराबाहेर दोन्ही बाजूंनी दगडी भिंती असलेला बोळ असेल, तर तिकडे पळू नका, कारण बोळात दोन्हीकडचे दगड अंगावर येतात. अशा वेळी भिंतीपासून दूर, लाकडी खांबांच्या मध्ये, जड पलंगालगत किंवा पलंगाखाली डोके झाकून बसा. १९९३ च्या भूकंपात किल्लारीच्या परिसरात अनेक ठिकाणी भिंती ढासळल्या, पण खणांचा, म्हणजे खांब-तुळयांचा, लाकडी सांगाडा उभा राहिला.

शेतात असाल तर विहिरीच्या काठावरून, विजेच्या खांबाजवळून आणि बांधावर रचलेल्या दगडांजवळून बाजूला व्हा. मोटारसायकल थांबवून स्टँडवर लावा.

पहिला अर्धा तास

हलणे थांबले की आधी चप्पल घाला. फुटलेल्या काचेने पाय कापणे ही अशा वेळची सर्वांत साधी इजा, आणि सर्वांत सहज टाळता येणारीही. गॅसच्या रेग्युलेटरची कळ बंद करा. वास येत असेल तर काडी ओढू नका, विजेचे बटणही चालू-बंद करू नका. दारे-खिडक्या उघडा, बाहेर या आणि १९०६ या गॅसगळतीच्या क्रमांकावर कळवा. वास नसेल आणि हाताशी असेल तर मेन स्विच पाडा. म्हातारी माणसे आणि लेकरे यांना हाताला धरून बाहेर आणा. गोठ्याची भिंत दगडी असेल तर जनावरांची दावी सोडा.

बाहेर उभे राहताना भिंतीच्या उंचीच्या दीडपट तरी अंतर ठेवा. वर कठडा, पाण्याची टाकी किंवा विजेची तार नाही ना, ते पाहा. अर्धा तास तरी आत जाऊ नका. मार्चमध्ये दुसरा धक्का अकरा मिनिटांनी आला होता, हे ध्यानात असू द्या. फोन करण्याऐवजी संदेश पाठवा, म्हणजे ज्याला खरोखर मदत हवी त्याचा फोन लागेल. तातडीसाठी ११२ आणि जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षासाठी १०७७ हे क्रमांक आहेत.

घराची तपासणी बाहेरून सुरू करा

आधी घराला बाहेरून पूर्ण फेरी मारा. छताची रेघ वाकली आहे का, कठडा सुटला आहे का, कोपऱ्यात दोन भिंती एकमेकींपासून अलग झाल्या आहेत का, ते पाहा. यांपैकी काहीही दिसले तर आत जाऊ नका.

दगडी भिंतीत सर्वांत धोक्याची खूण म्हणजे भिंतीला सुटलेले पोट. जुन्या जाड भिंती बहुधा एकसंध नसतात. बाहेरचा एक थर, आतला एक थर आणि मधे माती-गोट्यांची भरती असते. हादऱ्याने भरती खाली बसते, दोन्ही थरांना बाहेर ढकलते आणि बाहेरचा थर फुगतो. गवंड्याकडून ओळंबा (दोरीला बांधलेले वजन) आणून भिंतीच्या माथ्यावरून सोडा. दोरी आणि भिंत यांतले अंतर वर, मधे आणि खाली मोजा. मधला आकडा लक्षात येण्याइतका कमी भरला, तर पोट सुटले आहे. गिलाव्याने हे झाकता येते, बरे करता येत नाही.

आता भेगा. गिलाव्यातली केसासारखी भेग, एक मिलिमीटरच्या आतली, बहुतेक वेळा गिलाव्यापुरतीच असते. काँक्रीटच्या सांगाड्यात तुळईखाली विटांच्या भिंतीच्या माथ्याशी आडवी रेघ उमटते, तीही सहसा घाबरण्यासारखी नसते. वीट आणि काँक्रीट वेगवेगळे हलतात म्हणून ती पडते. दारा-खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चढत गेलेली भेग, पाच मिलिमीटरहून रुंद भेग, भिंतीच्या आरपार उजेड दिसणारी भेग, आणि खांबावर किंवा खांब-तुळईच्या सांध्यावर पडलेली कोणतीही भेग स्थापत्य अभियंत्याला दाखवलीच पाहिजे. खांबाचे काँक्रीट सुटून सळई दिसत असेल तर घर लगेच रिकामे करा. काल सहज लागणारे दार आज चौकटीत अडत असेल, तर तीही खूणच आहे.

प्रत्येक भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी रेघ मारून बाजूला तारीख लिहा. संशय असेल तिथे काचेची पातळ पट्टी भेगेवर आडवी ठेवून दोन्ही कडा प्लास्टरने चिकटवा. भेग जराही वाढली तर काच तडकते. मोजपट्टी भेगेशेजारी धरून फोटो काढा आणि ते काढल्याशिवाय दुरुस्तीला हात लावू नका. नुकसान दिसण्याजोगे असेल तर तलाठ्याला कळवून पंचनामा करून घ्या. गिलावा केल्यावर दाखवायला काही उरत नाही.

विहिरीचे किंवा बोअरचे पाणी गढूळ झाले असेल तर ते निवळेपर्यंत पिऊ नका.

खबर कुठली खरी मानायची

राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राच्या संकेतस्थळावर आणि ‘भूकंप’ (BhooKamp) या अ‍ॅपवर वेळ, केंद्र, खोली आणि तीव्रता दिसते. पहिला आकडा नंतर थोडा बदलू शकतो. अधिक नोंदी हाती आल्या की गणित पुन्हा मांडले जाते, त्यात लपवाछपवी नसते. तुम्हाला काय जाणवले ते संकेतस्थळावर नोंदवा: नेमकी वेळ, किती सेकंद, कितव्या मजल्यावर होता, काय हलले, काय पडले. जिथे धक्के क्वचित येतात तिथे यंत्रेही विरळ असतात, म्हणून अशा नोंदींना मोल असते.

‘आज रात्री मोठा धक्का येणार’ असा संदेश हमखास फिरतो. भूकंपाची वेळ आणि तारीख आधी सांगणारे शास्त्र आज जगात कुठेही नाही. असा संदेश पुढे पाठवू नका. त्याच्या भीतीने आजारी माणसे आणि बाळंतिणी रात्रभर उघड्यावर बसतात.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. सौम्य धक्क्यामागून येणारे धक्के बहुतेक वेळा लहानच असतात, पण नेहमी नाही. किल्लारीच्या भागात १९९२ च्या ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये लहान धक्के जाणवले होते आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी ६.२ चा भूकंप झाला. ४.५ आणि ६.२ हे आकडे जवळचे दिसतात, पण त्यांच्या ऊर्जेत सुमारे साडेतीनशे पटींचा फरक आहे. म्हणून ४.५ च्या धक्क्यात घर टिकले, यावरून मोठ्या धक्क्यात ते टिकेल असे म्हणता येत नाही.

पुढच्या आठवड्यात करायची कामे

पहिले काम पत्र्यावरचे दगड उतरवण्याचे. वाऱ्याने पत्रा उडू नये म्हणून ठेवलेले हे दगड हादऱ्याने घरंगळून थेट माणसांवर पडतात. मार्च २०२४ च्या धक्क्यांनंतर प्रशासनानेही हे दगड काढण्याचे आवाहन केले होते. त्यांच्या जागी जे-हुक (इंग्रजी J च्या आकाराचे आकडे) लावा. पत्र्याला भोक पन्हळीच्या उंचवट्यावर पाडा, खोलगट भागात नाही, नाहीतर पावसाळ्यात गळेल. हुक खालच्या लोखंडी पाइपला किंवा लाकडी वाशाला अडकवा, वरून रबरी वॉशर घालून नट आवळा. पत्र्याच्या कडेच्या ओळीत हुक दाट हवेत, वारा तिथूनच शिरतो.

दुसरे काम माळवदाचे. गळती थांबावी म्हणून पावसाळ्याआधी वर नवी माती टाकली जाते, जुनी मात्र कुणी काढत नाही. दहा बाय दहा फुटांच्या खोलीवर एक फूट मातीचा थर म्हणजे १०० घनफूट, वजनाने साधारण साडेचार ते पाच टन. पावसात भिजली की आणखी जास्त. थर दोन फुटांवर गेला असेल तर पलंगावर दहा टन टांगलेले आहेत. जादा माती उतरवा, पण एका बाजूने सगळी ओढू नका. चहूबाजूंनी सारखी, थराथराने काढा, आणि काढताना खोलीत कुणाला थांबू देऊ नका. गळती रोखण्यासाठी ताडपत्री किंवा जाड प्लॅस्टिक अंथरून त्यावर पातळ थर पुरतो. वासे किडलेले दिसले तर आधी टेकू लावा.

दगडी भिंत राखायची असेल तर आरपार दगड बसवून घ्या, म्हणजे आतला आणि बाहेरचा थर एकमेकांना बांधला जातो. आडव्या दिशेने दर १.२ मीटरला आणि उभ्या दिशेने दर ६० सेंटिमीटरला एक, हे प्रमाण. जुन्या भिंतीत त्यासाठी एकेक दगड अलगद सैल करून आरपार भोक करतात, त्यात सळई घालून काँक्रीट भरतात आणि ते पक्के होईपर्यंत पाणी मारतात. पहारीने दणके घालून भोक पाडले तर आतली भरती ढासळते आणि उपाय घराच्या मुळावर येतो. हे काम जाणत्या गवंड्याकडून आणि अभियंत्याच्या देखरेखीखालीच करावे.

घरात पलंग फळीखालून हलवा. पाटा-वरवंटा, पितळी हंडे, धान्याचे डबे खालच्या कप्प्यात आणा. लोखंडी कपाट माथ्याशी दोन एल-पट्ट्यांनी भिंतीला जखडा, पण नुसत्या मातीच्या भिंतीत स्क्रू धरत नाही, तिथे पट्टी लाकडी खांबाला लावा. उशाशी टॉर्च, शिट्टी आणि चप्पल असू द्या. पिशवीत रोजची औषधे, पाणी, आधार आणि सातबाराच्या प्रती ठेवा.

पेन्सिलच्या रेघांकडे महिनाभर दर रविवारी, आणि प्रत्येक नव्या धक्क्यानंतर एकदा पाहा. भेग रेघेच्या पुढे सरकली असेल, किंवा काचेची पट्टी तडकली असेल, तर त्या खोलीत झोपणे त्या रात्रीपासूनच बंद करा आणि अभियंत्याला बोलवा.