जुन्या, अनोळखी स्टेशन वॅगनचे मूळ कसे शोधावे

सांगली-सातारा भागात एखाद्या वाड्याच्या मागे किंवा बंद गॅरेजमध्ये कधी कधी अशी मोटार सापडते, की तिचे तोंड ओळखीचे वाटते, पण मागचा लांब, काचा लावलेला भाग कुठेच पाहिलेला नसतो. या भागात अशा गाड्या येण्यास कारणे होती. मिरजेचे मिशन रुग्णालय, कोयना प्रकल्प, साखर कारखाने आणि १९४८ मध्ये विलीन होईपर्यंत स्वतःचा कारभार पाहणारी सांगली, औंध, फलटण, जत यांसारखी संस्थाने, या सर्वांना माणसे आणि सामान एकाच फेरीत नेणारे वाहन उपयोगी पडत असे. त्यामुळे गाडी अनोळखी आहे एवढ्यावरून ती परदेशातून आली असे मानू नये, आणि ती गावठी जोडकाम आहे असे म्हणून भंगारातही काढू नये.

शोध सुरू करताना एक गोष्ट मनाशी पक्की ठेवावी. अशा लांब, काचा लावलेल्या मागच्या भागाच्या गाडीला, म्हणजे स्टेशन वॅगनला, बहुधा दोन मुळे असतात. चॅसिस (गाडीचा लोखंडी सांगाडा) आणि यंत्रे एका कारखान्यातील असतात, तर मागची बॉडी त्याच कारखान्यातील असू शकते किंवा एखाद्या बॉडी बिल्डरने सेडान (मागे वेगळी डिकी असलेली नेहमीची मोटार) अथवा पिकअपवर नंतर चढवलेली असू शकते. म्हणून दोन्हींचा तपास स्वतंत्रपणे करावा आणि गाडीबद्दल गावात सांगितली जाणारी हकिकत सर्वांत शेवटी ऐकावी. ‘ही महाराजांची गाडी’ हे वाक्य आधी कानावर पडले, की पुढे प्रत्येक खूण त्याच दिशेने बोट दाखवते असे वाटू लागते.

पहिले काम म्हणजे गाडीला हात न लावता तिची छायाचित्रे घेणे. धुणे, घासणे, रंग काढणे हे सर्व नंतर. जुन्या रंगाचे थर, पुसट झालेले संस्थेचे नाव, दारावरील बिल्ल्याची भोके हा पुरावाच असतो आणि डेंटिंग-पेंटिंगच्या दुकानात तो एका दिवसात नाहीसा होतो.

त्यानंतर क्रमांक शोधावेत. चॅसिस क्रमांक बॉनेटखालच्या पत्र्यावर, त्यावर बसवलेल्या पट्टीवर किंवा चॅसिसच्या लोखंडावर ठोकलेला असतो, तर इंजिन क्रमांक ब्लॉकवर असतो. रॉकेलमध्ये भिजवलेल्या फडक्याने ग्रीस हलकेच पुसावे आणि कागद ठेवून पेन्सिलने त्याची प्रिंट घ्यावी. कानस किंवा पॉलिश पेपर मुळीच वापरू नये, कारण अंक झिजले तर गाडीची ओळख जाते आणि क्रमांकाशी छेडछाड केल्याचा संशयही ओढवतो. इंजिन क्रमांक जुळला नाही म्हणून निराश होण्याचे कारण नाही, कारण पेट्रोल महाग वाटू लागल्यावर आपल्याकडे अनेक गाड्यांमध्ये डिझेल इंजिने बसवली गेली.

आता बॉडीकडे वळावे. सर्वांत बोलके पुरावे येथे मिळतात, म्हणून या कामाला भरपूर वेळ द्यावा. टॉर्च आणि लोहचुंबक घेऊन मागच्या दाराच्या खांबापासून डिकीपर्यंतचा पत्रा इंचाइंचाने तपासावा. कारखान्यात दाबयंत्रावर घडवलेल्या पत्र्यात वळणे दोन्ही बाजूंना सारखी असतात, स्पॉट वेल्डिंगचे ठिपके ठरावीक अंतराने येतात आणि छपराची पन्हळ पुढून मागपर्यंत अखंड जाते. हाताने बांधलेल्या बॉडीत गॅस वेल्डिंगची ओबडधोबड शिवण, रिबिटे, सपाट काचा आणि दुसऱ्याच गाडीचे मागचे दिवे दिसतात. लोहचुंबक चिकटला नाही, तर तेथे पुटीचा (खड्डे बुजवण्याच्या लेपाचा) जाड थर, शिसे किंवा अॅल्युमिनियम आहे असे समजावे. आतील अस्तर सैल असेल तर ते उचलून छपराचा सांधा पाहावा, कारण सेडानचे छप्पर कापून लांबवले असेल तर ती रेघ आतून लपत नाही. शेवटी गाडीखाली जाऊन पेट्रोलची टाकी, स्टेपनीची जागा आणि मागच्या स्प्रिंगचे पाटे पाहावेत. वॅगनसाठी पाटे अधिक भक्कम घातलेले असतात. टाकी आणि तिची नळी यांना नंतर जागा करून दिल्यासारखी दिसली, तर बॉडी बदलल्याचा संशय बळकट होतो.

काही ओळखी मात्र नेमक्या आहेत. ट्रायम्फ हेरल्ड या इंग्लिश मोटारीसारखे तोंड आणि मागचे दार धरून पाच दरवाजे असतील, तर ती मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सची कम्पॅनियन असण्याची शक्यता मोठी आहे, कारण इंग्लंडमधील हेरल्ड वॅगनला तीनच दरवाजे होते. लाकडी चौकटीसारखी नक्षी पत्र्यातच उठवलेली असेल, तर विलीज या अमेरिकन कंपनीची १९४६ पासून निघालेली वॅगन आठवावी. तिचे ‘हरिकेन’ इंजिन मात्र १९५० पासूनचे आहे. शेवरोले असेल, तर जनरल मोटर्सने १९२८ पासून १९५४ पर्यंत मुंबईत शिवडी येथे गाड्यांची जुळणी केली, हे लक्षात ठेवावे. अशी गाडी अमेरिकन असूनही बंदरावर तयार स्वरूपात उतरलेली नसू शकते. फियाट ११०० असेल, तर ती कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्याची की इटलीची, हे चॅसिसच्या पट्टीवरून ठरवावे.

वर्षाचा अंदाज लहान भागांवरून बांधता येतो. ल्युकास कंपनीच्या डायनॅमोवर आणि इतर विद्युत भागांवर बहुधा महिना आणि वर्ष ठोकलेले असते, तर ट्रिप्लेक्स काचेवरील अक्षरांभोवतीच्या ठिपक्यांतून वर्ष वाचता येते. एकच भाग नंतर बदललेला असू शकतो, परंतु चार-पाच भाग एकाच वर्षाकडे निर्देश करत असतील तर त्यांवर विश्वास ठेवावा. स्पीडोमीटर मैलांचा असेल, तर गाडी दशमान पद्धत रुळण्यापूर्वीची असण्याचा संभव आहे.

कागदपत्रांची पाळी यानंतर येते. १ जुलै १९८९ रोजी नवा मोटार वाहन कायदा लागू होण्यापूर्वीचे क्रमांक तीन अक्षरे आणि पुढे अंक असे असत. त्यांत ‘बीएम’ किंवा ‘बीवाय’ने सुरू होणारी अक्षरे मुंबई राज्याच्या काळाकडे नेतात. जुन्या गाड्यांचे क्रमांक सहसा तसेच राहिले. त्यामुळे १९६० च्या सुमारास बनलेल्या गाडीवर सांगलीचा एमएच-१०, साताऱ्याचा एमएच-११ किंवा कराडचा एमएच-५० क्रमांक असेल, तर ती परराज्यातून किंवा सरकारी लिलावातून आली असावी का, हे तपासावे. मालक या नात्याने आरटीओकडे नोंदणीच्या तपशिलासाठी अर्ज करावा आणि आरसी बुकातील पहिल्या नोंदणीची तारीख, हस्तांतरे व बँकेचा बोजा बारकाईने वाचावा. अनेक जुन्या नोंदी संगणकावर चढलेल्याच नाहीत, म्हणून कागदी नोंदवहीचा आग्रह धरावा. सांगलीत २०१९ च्या महापुरात अनेक घरांतील कागद गेले. अशा वेळी विम्याची पावती किंवा टॅक्सचा जुना कागद नातेवाइकांकडेही विचारावा. बनावटीच्या वर्षाबाबत कागद आणि लोखंड यांत फरक पडला, तर मी लोखंडाला मान देईन, कारण पहिली नोंदणी उशिरा झालेली असू शकते.

संस्थानाशी संबंध असल्याचा दावा असेल, तर त्या संस्थानाचे छापील वार्षिक प्रशासन अहवाल आणि पुणे व कोल्हापूर येथील पुराभिलेखागारातील सूची पाहाव्यात. आता वयस्कर चालक, डेंटर आणि पूर्वीच्या मालकांची मुले यांना भेटावे. ‘गाडी कोणाची होती?’ यापेक्षा ‘मागची बॉडी कोणी बांधली, काचा कुठून आणल्या?’ असे विचारल्यास उत्तरे अधिक उपयोगी मिळतात. लग्नाचे अल्बमही मागावेत, कारण वरातीच्या छायाचित्रात नंबर प्लेट, मूळ दिवे आणि रंग दिसण्याची शक्यता असते.

हा सगळा तपास व्हिंटेज नोंदणीचा अर्ज करण्यापूर्वी पूर्ण करावा. २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षे पूर्ण झालेल्या खासगी गाडीलाच ही नोंदणी मिळते, नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आहे आणि ती दहा वर्षे टिकते. परंतु त्यासाठी गाडी मूळ स्वरूपात असावी लागते आणि चॅसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा बदल झालेला चालत नाही. म्हणूनच मागची बॉडी पहिल्या नोंदणीच्या वेळचीच आहे की नंतर चढवलेली, याचे उत्तर छायाचित्रे आणि क्रमांकांच्या प्रिंटसह लेखी तयार ठेवावे आणि मगच शुल्क भरावे.